ओळखीच्या शब्दांचा चकवा

तुकोबांच्या गाथेत एक छोटासा अभंग आहे. कानडी बाईने मराठी नवरा केला आणि दोघांचे बोलणे एकमेकांना उमजेना, असा त्याचा आरंभ. आपल्या सीमाभागात हा अभंग म्हणीसारखा वापरतात. धारवाड-गदगकडची मुलगी बेळगाव-निपाणीकडे सून म्हणून यायची ठरली की मांडवात कोणीतरी त्याची पहिली ओळ म्हणतोच आणि दोन्हीकडची मंडळी हसतात. २०११ साली माझ्या मुलाच्या लग्नात हे काम मीच केले होते. सूनबाई गदगकडच्या, माहेरची भाषा कानडी. त्याही हसल्या होत्या.

पण अभंग त्या ओळीपाशी थांबत नाही. पुढे ती बाई नवऱ्याला कानडीत 'इकडे ये' म्हणून हाक मारते आणि तो, हिने आता आण घातली असे समजून, पळ काढतो. मला या अभंगाचे मर्म येथे दिसते. नवऱ्याला काही कळले नाही, असे तुकोबा येथे म्हणत नाहीत. त्याला कळले, चुकीचे कळले आणि त्याप्रमाणे तो वागलासुद्धा. काहीच न कळलेला माणूस जागेवर उभा राहतो आणि 'काय म्हणालीस?' असे विचारतो. अर्थ हाती लागला असे ज्याला वाटते तो पळतो. गंमत अशी की 'आण' हा शब्द कानडीतही 'आणे' म्हणून शपथेच्याच अर्थाने आहे. म्हणजे पळता पळता तो मनात जो शब्द म्हणाला तेवढा एक शब्द त्याच्या बायकोला नक्की कळला असता!

हे सारे आठवण्याचे कारण असे. कानडीतून मराठीत आलेल्या पुस्तकांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले जाते. 'अनुवाद वाटतच नाही इतका सहज' हे त्यातले ठरलेले प्रशस्तिपत्र. मीही ते दोन-चार पुस्तकांना बहाल केलेले आहे. अलीकडे मात्र मला या सहजतेची धास्ती वाटू लागली आहे. कानडी आणि मराठी या दोन भाषांचे शेजारपण इतके जुने, आणि दोघींनी संस्कृताकडून घेतलेली उसनवार इतकी सारखी, की अनुवादक निम्मे शब्द उचलून जसेच्या तसे ठेवू शकतो. वाचकालाही ते खटकत नाहीत. ज्या शब्दांपाशी कोणीच थबकत नाही, तेथे किती अर्थ सांडत असेल याची मोजदाद कोण करणार? रानातली पायवाट पायाखालची असली तरी माणूस चकव्यात सापडतो आणि रात्रभर त्याच झाडाभोवती फिरतो, असे जुनी माणसे सांगत. तसलाच हा प्रकार आहे.

काही जोड्या अगदी निरुपद्रवी आहेत. कानडीत 'हालु' म्हणजे दूध आणि आपले 'हाल' म्हणजे हाल. बदलीवर आलेल्या प्रत्येक पुणेकराला हा विनोद एकदा तरी ऐकवला जातो. आपली 'ताई' म्हणजे थोरली बहीण आणि त्यांची 'तायि' म्हणजे आई. यात फसायला फारसे कोणी शिल्लक राहिलेले नाही, कारण हे शब्द बोलण्यातले आहेत आणि बोलताना समोरच्याचा चेहरा दिसत असतो. खरा धोका भारदस्त, संस्कृत, छापील शब्दांत आहे. त्यांच्या प्रतिष्ठेमुळे त्यांच्याकडे कोणी संशयाने पाहत नाही.

संशयाचीच गोष्ट सांगतो. १९९३ साली एका दिवाळी अंकासाठी मी धारवाडकडच्या एका लेखकाची कानडी कथा मराठीत आणली. कथेतला नवरा दुपारी अवेळी घरी येतो. मोरीत दोन कपबशा धुऊन उपड्या घातलेल्या त्याला दिसतात आणि त्याला बायकोविषयी 'अनुमान' येते. एवढ्यावर पुढची सारी कथा उभी आहे. मी लिहिले, 'त्याने तिच्याविषयी एक अनुमान काढले.' अंक छापून आला, चार लोकांनी बरे म्हटले. महिन्याभराने लेखकाचे पोस्टकार्ड आले. त्यांना मराठी उत्तम येत होते. आभार मानून शेवटी त्यांनी एवढेच लिहिले होते, की माझ्या कथेतला नवरा न्यायशास्त्र शिकलेला नाही, तो संशयी आहे. कानडीत 'अनुमान' म्हणजे संशय, हे मला माहीत नव्हते असे नाही. बाजारात, एसटी स्टँडवर मी तो शब्द त्या अर्थाने शेकडो वेळा ऐकला होता. कागदावर मात्र तो मला माझा वाटला. धुरावरून अग्नीचे अनुमान करणारा, शाळेत शिकलेला माझा शब्द पुढे आला आणि त्याने ऐकलेल्या शब्दाला बाजूला सारले.

या फजितीनंतर माणूस शहाणा व्हावा की नाही? माझ्या मुलाच्या लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत घरात कानातल्या कुड्या सापडेनात. शोधाशोध चालली होती. माझी पत्नी शाळेत शिक्षिका होती आणि घरातही छापील बोलते. ती म्हणाली, "माझं अनुमान असं, की सूनबाईनं त्या आत कुठंतरी ठेवल्या असतील." तिच्या मनात काही नव्हते. नव्या सुनेने फराळाच्या गडबडीत वस्तू जपून ठेवली असेल, एवढाच अर्थ. कुड्या तासाभरात फडताळात सापडल्या. सूनबाई मात्र त्या दुपारी जेवल्या नाहीत, डोके दुखते म्हणून पडून राहिल्या. संध्याकाळी मुलाने येऊन सांगितले, "ती म्हणते, अत्तींना माझ्यावर अनुमान आहे." तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडायला पाच मिनिटे लागली. पोस्टकार्ड घरात होते, ज्याला ते आले होते तो माणूस घरात होता, आणि एक मुलगी दिवसभर उपाशी होती. पत्नीला सारे समजावून सांगितले तेव्हा ती स्वयंपाकघरात गेली, ताट वाढून सुनेपुढे घेऊन गेली आणि म्हणाली, "अगं, अनुमान म्हणजे अंदाज गं आमच्यात." दोघी त्यावर हसल्या की रडल्या ते मला नीट सांगता येणार नाही, मी बाहेरच्या खोलीत होतो.

असो. कुटुंबातली गोष्ट ताट वाढून मिटते. पुस्तकातली मिटत नाही, म्हणून तिच्याकडे अधिक काळजीने पाहायला हवे.

'अवसर' हा शब्द घ्या. कर्नाटकातल्या रस्त्यांवर वाहनचालकांसाठी एक पाटी असते, तिच्यातले कानडी देवनागरीत लिहायचे तर 'अवसरवे अपघातक्के कारण' असे होईल. अवसर, अपघात, कारण, तिन्ही शब्द आपल्या ओळखीचे. एखादा मराठी पंडित ती पाटी वाचून 'संधी हीच अपघातास कारणीभूत होते' असा खोल अर्थ काढील आणि गाडी थांबवून त्यावर चिंतनही करील. पाटी बिचारी एवढेच सांगते की घाई करू नका. कानडीत अवसर म्हणजे घाई. हैदराबादेतल्या आपल्या मराठी कुटुंबांना विचारा, ती सांगतील की तेलुगूत 'अवसरम्' म्हणजे गरज. हिंदीत तो संधी. आपल्या ग्रंथांतल्या मराठीत तो वेळ, सवड, प्रसंग. आणि गोव्यात, दक्षिण कोकणात देवाचा 'अवसर' येतो, म्हणजे अंगात संचार होतो, मग गाव त्याच्यापुढे आपले गाऱ्हाणे मांडतो. मला वाटते, या सगळ्यांच्या बुडाशी काळाचीच एक घटका आहे. ती हाती आली की संधी, निसटू लागली की घाई, अडली की गरज, आणि देवाने धरली की अवसर. व्युत्पत्तिशास्त्रज्ञ हे मान्य करतील की नाही कोण जाणे, पण पाच ठिकाणच्या माणसांनी एकाच शब्दाकडून वेगवेगळी कामे करून घेतली, हे पाहताना मला फार मौज वाटते. अनुवादकाची मौज मात्र येथेच संपते. कानडी संवादात आई मुलाला 'अवसर नको' म्हणते, तेव्हा मराठी पानावर तो शब्द जसाच्या तसा राहिला तर ती आई मुलाच्या प्रगतीच्या आड येणारी वाटेल.

यापेक्षा गहन जोडी 'संसार' आणि 'प्रपंच' यांची. हिंदीत संसार म्हणजे जग. मराठीत आणि कानडीतही तो घरात आला, बायकामुलांत रमला. येथवर आपण शेजारी एकत्र आहोत. 'प्रपंच' या शब्दापाशी मात्र वाटा फुटतात. कानडीत प्रपंच म्हणजे अवघे जग. प्रपंचातला सर्वांत उंच पर्वत कोणता, हा तिकडे सामान्यज्ञानाचा प्रश्न आहे. हाच प्रश्न मराठी गृहिणीला विचारला तर ती मोरीतल्या खरकट्या भांड्यांकडे बोट दाखवील. मूळ संस्कृतात या शब्दात विस्तार आहे, पसरणे आहे. कानडीने तो पसारा विश्वाएवढा ठेवला. आपण तो चार भिंतींत आणला, त्याच्यासमोर परमार्थ उभा केला आणि शतकानुशतके या दोघांचा तंटा कीर्तनात सोडवत राहिलो.

याचा परिणाम वाचनावर कसा होतो ते पाहा. समर्थांनी दासबोधात प्रपंच नीटनेटका करून मग परमार्थाकडे वळण्याचा उपदेश केला आहे. मराठी वाचकाला त्यात घरदार, देणेघेणे, मुलाबाळांची सोय दिसते आणि तो मान डोलावतो. फक्त लिपीची ओळख झालेला एखादा कानडी वाचक तो उपदेश आपल्या अर्थाने वाचील, तर त्याला समर्थ आधी सारे जग सुधारा असे सांगताना दिसतील! हा अर्थ चुकीचा आहे, यात शंका नाही. तरी मला तो कित्येकदा मोहात पाडतो. उलट दिशेने येणाऱ्या अनुवादात मात्र मोह परवडत नाही. कानडी कवी प्रपंचाकडे पाठ फिरवतो तेव्हा तो कशाकडे पाठ फिरवतो, विश्वाकडे की बायकोकडे, हे ठरवल्याशिवाय मराठी ओळ लिहिताच येत नाही. मी वाचलेल्या पुष्कळ अनुवादांत हे ठरवलेले नसते. शब्द तोच ठेवून निर्णय वाचकावर ढकललेला असतो, आणि कोणी काही ठरवायचे आहे हे वाचकाला ठाऊकच नसते.

आता यू. आर. अनंतमूर्तींच्या 'संस्कार' या कादंबरीकडे येतो. १९६५ची ही कादंबरी. अग्रहारात नारणप्पा मरतो. ब्राह्मण्य झुगारून दिलेला, चंद्रीला घरात ठेवलेला माणूस. त्याची प्रेतक्रिया कोणी करायची, या प्रश्नावर सारा अग्रहार अडून बसतो. प्रेत कुजत राहते, चुली बंद, आणि प्राणेशाचार्य पोथ्या उलटत राहतात. कादंबरीचे नाव देवनागरीत आणायला काही करावेच लागत नाही, 'संस्कार' हा आपलाच शब्द. पण मराठी माणसाच्या कानात तो कोणत्या घंटा वाजवतो? मुलांवरचे संस्कार, चांगल्या घरातले संस्कार, सुट्टीतले संस्कारवर्ग, फार तर मुंज. मरणाच्या संदर्भात आपण त्याला 'अंत्य' किंवा 'अग्नी' असे विशेषण जोडल्यावाचून सोडत नाही. कानडी वाचकाला नावातच प्रेत दिसते आणि त्याच वेळी घडण, शुद्धी, कुळाचार हेही दिसतात. संस्कार कोणाचा व्हायचा आहे, मेलेल्या नारणप्पाचा की जिवंत आचार्यांचा, हा कादंबरीचा पेच त्याच्यासाठी मुखपृष्ठावरच सुरू होतो. मराठी वाचकाला तो पेच पन्नासेक पानांनंतर सापडतो.

ए. के. रामानुजन यांनी ही कादंबरी १९७६ साली इंग्रजीत नेली. त्यांनी मूळ शब्द ठेवला, खाली मेलेल्या माणसाचा विधी अशा अर्थाचे उपशीर्षक दिले, आणि आरंभी रेव्हरंड किटेल यांच्या १८९४च्या कानडी-इंग्रजी कोशातली या शब्दाची नोंद छापली, शुद्धीकरणापासून प्रेतक्रियेपर्यंतच्या साऱ्या अर्थांसह. इंग्रजी वाचकाला शब्द परका, म्हणून त्याच्या हातात कोश ठेवला गेला. आपल्याला शब्द ओळखीचा, म्हणून आपल्या हातात कोणी कोश देणार नाही आणि दिला तर तो आपल्याला अपमान वाटेल. या एका बाबतीत साता समुद्रापलीकडचा वाचक कादंबरीच्या अधिक जवळ बसला आणि आपण शेजारी असून ओसरीवर राहिलो, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

भैरप्पांच्या 'आवरण'चेही थोडे असेच. २००७ची ही कादंबरी मराठीत त्याच नावाने आली. वेदान्तातले, सत्य झाकणारे आवरण दोन्ही भाषांना कळते. पण कानडी वृत्तपत्रात शाळेचे 'आवरण' म्हणजे शाळेचे आवार, कुंपणाच्या आतली जागा. कानडी वाचकाच्या कानात झाकण आणि कुंपण दोन्ही असतात, आपल्या कानात फक्त झाकण. कथेचे फार बिघडते असे नाही, थोडा रंग जातो. याउलट ज्या नावाने मराठीशी सोयरीक सांगितली नाही, तेथे अनुवाद अधिक जागा राहिला. भैरप्पांच्याच १९७३च्या कादंबरीचे नाव 'दाटु', म्हणजे ओलांडणे. मराठीत ते तसेच ठेवले असते तर लोकांनी दाट धुके वगैरे काहीतरी समजून घेतले असते. उमा कुलकर्णींनी 'जा ओलांडुनी' असे नाव दिले. त्यातला 'जा' मला किंचित काव्यमय वाटतो, मूळ शब्द अधिक रोखठोक आहे. तरी हे नाव शोधून काढलेले आहे, उचलून ठेवलेले नाही.

उमाताईंच्या अनुवादाची पद्धत जाणकारांना ठाऊक आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कुलकर्णी कानडी मजकूर वाचून टेप करून ठेवायचे आणि त्या ते ऐकून मराठीत लिहायच्या. पुष्कळांना यात एक कौटुंबिक गोडवा तेवढा दिसतो. मला त्यात एक शिस्तही दिसते. शब्द कानावाटे येतो तेव्हा तो कोणाच्या तरी तोंडचा असतो, त्याला हेल असतो, राग असतो. माझा 'अनुमान' डोळ्यांवाटे आला म्हणून मी फसलो. तो कोणी वाचून दाखवला असता तर आवाजातल्या संशयाने मला सावध केले असते, अशी माझी समजूत आहे.

शेजारपणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी कानडी-मराठीत भिंत घालतो आहे असे वाटायचे. हिंदीपुढे उभे राहिलो की आपण दोघे बऱ्याचदा एका बाजूला असतो. 'चेष्टा' म्हणजे प्रयत्न, हे हिंदीत. आपल्या दोघांकडे ती खोडी आणि थट्टा. 'राजीनामा' तिकडे तडजोडीचा कागद, आपल्याकडे नोकरी सोडल्याचा. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव दोघांनीही साऱ्या कादंबऱ्यांना देऊन टाकले. आणि २००१च्या सुमारास 'सर्व शिक्षा अभियान' आले तेव्हा आमच्या गल्लीतली मराठी आणि कानडी पोरे एकाच वेळी घाबरली, कारण दोन्हीकडे शिक्षा म्हणजे छडी. कानडी फलकांवर त्याचे 'शिक्षण' करून घेतले गेले.

ती १९९३ची कथा मी गेल्या उन्हाळ्यात पुन्हा काढली. लेखक आता हयात नाहीत, पण चूक दुरुस्त करून ठेवावी असे वाटले. 'अनुमान' खोडले, 'संशय' लिहिले आणि पुन्हा अडलो. कानडीत 'संशय' हाही शब्द आहे. लेखकाला तो हवा असता तर त्यांनी तोच वापरला असता. त्यांचा नवरा नुसता संशयी नाही, त्याच्यासमोर दोन कपबशा आहेत आणि त्यांवरून तो काहीतरी जुळवतो आहे. म्हणजे माझ्या त्या चुकीच्या शब्दात एक चिमूटभर बरोबर अर्थ होता, आणि पोस्टकार्डाने खजील होऊन मी तोही टाकून दिला होता. 'वहीम' लिहून पाहिले, तर कथेत पोलीस शिरल्यासारखे झाले.

शेवटी वही घेऊन सूनबाईंकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाल्या, "मामा, 'गुमानी' लिहा की. आमच्याकडे तेच म्हणतात."

मी म्हटले, "अगं, आमच्याकडे गुमान म्हणजे निमूटपणे."

"मग बरोबरच आहे," त्या म्हणाल्या, "तो निमूटच आहे की शेवटपर्यंत. बायकोला एका शब्दानं विचारत नाही."

त्या जागी वहीत अजून पेन्सिलीचे टिंब आहे.